दोरी पुरेल तिथपर्यंत

गुहेचं छत जवळ आलं तसं लुआने मांडीवरच्या तेपचं डोकं छातीशी दाबलं आणि ती पुढे वाकली. ओहोटी असूनही ओला दगड तिच्या पाठीवरून जेमतेम वीतभर अंतरावरून सरकत होता. ख्वाटकाकांनी वल्ही आत ओढून घेतली होती. छताला तळहात लावत ते होडी पुढे ढकलत होते.

“दगड चावत नाही गं,” ते मागून म्हणाले. “कॉलेज करून हेच शिकलीस? याच भोकातून तुझा बाप तुला टोपलीत घालून न्यायचा.”

“काका, हळू न्या ना. पोराला लागेल.”

“पोरगं हसतंय. लागतंय तुलाच.”

पलीकडे उजेड होता. चारही बाजूंना चुनखडीचे उभे डोंगर आणि मध्ये हिरवं, स्थिर पाणी. हालाँगच्या उपसागरातलं हे लुआचं गाव. एके काळी इथे घरांच्या रांगाच तरंगायच्या. सरकारने सगळ्यांना किनाऱ्यावर वसवलं, आणि आता निळ्या पिंपांवर दोनच घरं उरली होती. एकात पर्यटकांना चहा मिळायचा. दुसऱ्यात लुआची आई राहायची. किनाऱ्यावरच्या घरात जमीन हलत नाही म्हणून तिला झोप येईना. सहली नेणाऱ्या कंपनीने तिला इथे परत आणून ठेवलं होतं, जाळं विणत बसायला. लोक फोटो काढायचे.

लुआ तराफ्यावर चढली आणि आधी फळ्यांमधल्या फटी पाहिल्या, मग कडा. कुठेच कठडा नव्हता. ती स्वतः इथेच वाढली होती, तरी तिने तेपला घट्ट धरलं.

आई उठली नाही. मधल्या खांबाला टेकून, मांडीवर जाळं पसरून बसून होती. नव्या वर्षालाही आपण आलो नाही याचा राग असणार, असं लुआला वाटलं.

“किती वाळलीस गं! आणि हा कोण, तेप? ये रे माझ्या कोळंबीच्या पिल्ला. पेज आहे चुलीवर, दे त्याला.”

लुआने पेज दिली. तेपने निम्मी खाल्ली, निम्मी फासली. ख्वाटकाका पिण्याच्या पाण्याचे कॅन उतरवत राहिले.

“आई, सोमवारपासून मी कारखान्यात जातेय. बाक निन्हला,” लुआ म्हणाली. बोलायचं सगळं तिने येताना बोटीतच जुळवलं होतं. “बारा तासांची पाळी. राहायला खोली देतात, पण मूल चालत नाही. याच्या बापाचा तायवानच्या बोटीवरून आठ महिन्यांत फोन नाही. वादळात बोटी बुडाल्यापासून धक्क्यावर कुणालाच काम नाही. शेजारीण दोन दिवस ठेवते आणि तिसऱ्या दिवशी दार उघडत नाही.”

“मग ठेव की इथे.”

इतक्या सहज होकार येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने पिशवीतून लहान मुलाचं नारिंगी जॅकेट काढलं. “हे दिवसभर घालून ठेवायचं. झोपतानासुद्धा. आणि दोरी बांधायची नाही हं, आई. पोर आहे, बकरं नाही.”

“जॅकेट?” आई हसली. “घामोळ्यांनी मरेल तो. तू कशी जगलीस? दोरीने. सकाळी कमरेला बांधली की मी जाळ्याला मोकळी, तू रडायला मोकळी. चुलीपर्यंत पुरायची, कडेपर्यंत नाही. पोराने खाल्लं का काही? पेज आहे चुलीवर.”

“खाल्ली की आत्ता.”

“हां, हां.”

दारापाशी आईची एकच चप्पल होती. वरच्या तारेवर दोन विजारी वाळत होत्या, गुडघ्यापर्यंत मिठाने पांढऱ्या झालेल्या. लुआने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. सोमवार परवावर आला होता.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “बांध दोरी. पण मऊ फडकं गुंडाळून. कुठे आहे ती?”

आई जाळ्याची गाठ मारत राहिली. ख्वाटकाकांच्या हातातला कॅन मध्येच थांबला.

“आई, दोरी कुठे आहे?”

“असेल इथेच. पोराने खाल्लं का गं काही?”

लुआ जागच्या जागी उभी राहिली. तेप मात्र रांगत आजीपर्यंत गेला होता. जाळ्याखालून त्याला काहीतरी सापडलं आणि त्याने दोन्ही हातांनी ते ओढलं. दोरी ताणली गेली. एका टोकाला खांब होता. दुसऱ्या टोकाला आई किंचित पुढे झुकली.

दोरीच्या वेढ्याला लाल फडकं गुंडाळलेलं होतं, विटून गुलाबी झालेलं. लुआने ते ओळखलं; लहानपणी ते तिच्याच कमरेला असायचं.

“दोनदा हिला पाण्यातून काढलं,” ख्वाटकाका हलकेच म्हणाले. “होडी नसताना मासेमारीला निघाली होती. मग शुद्धीत असताना तीच म्हणाली, बांध मला. मी रोज सकाळी येऊन गाठ बघतो.”

“कंपनीला सांगू नका,” आई घाईने म्हणाली. आता तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. “किनाऱ्यावर पाठवतील.”

“मी नेते ना तुला. माझ्याकडे.”

“आणि बांधशील कुठे?”

लुआने ते डोळ्यांसमोर आणलं. बारा तास दाराला कुलूप, आत दोघं. तिने तेपला उचललं. तो दोरीसाठी रडू लागला.

आई हात मागे नेऊन गाठ चाचपू लागली. “ही घे. त्याला बांध. मी बघते माझं मी. कामावर जा तू, पोरी, जा.” बोटं गाठीच्या जवळ जात होती, पोचत नव्हती. तरी एक वेढा सैल झाला.

लुआने तेपला काकांकडे दिलं आणि ती आईच्या मागे गुडघ्यांवर बसली. सैल झालेला वेढा तिने सोडवला, पुन्हा घातला, फडकं सरळ केलं आणि गाठ मारली, आईने तिला शिकवलेली. गाठ मणक्यावर आली, जिथे हात जात नाही.

“काचतंय का?”

“नाही. अजून एक वेढा घाल.”

तिने घातला.

चहाच्या घरापासून पर्यटकांची शेवटची होडी परत निघाली होती. ख्वाटकाका म्हणाले, “चल, पाणी चढतंय.” नारिंगी जॅकेट तेपच्या अंगात घालून लुआ होडीत बसली.

दोन्ही होड्या थोडा वेळ शेजारीशेजारी गेल्या. टोपी घातलेली वाटाडी मुलगी हात करून सांगत होती, “मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून पूर्वी इथले लोक त्यांना दोरीने घराला बांधत. आता अर्थात तसं कुणी करत नाही.” दोघा पर्यटकांनी मोबाइल वर धरले. तराफ्यावर आईने जाळं कमरेवर ओढून नीट केलं आणि त्यांच्याकडे बघून हसली.

गुहेत आता बसायलाही जागा नव्हती. लुआ होडीच्या तळाशी आडवी झाली, तेपला पोटावर घेऊन. छत नाकाजवळून सरकू लागलं.

“सोमवारी मग कामाचं काय?” अंधारातून काकांनी विचारलं.

तेपच्या जॅकेटचा पट्टा तिने मुठीला गुंडाळला होता. तिने आणखी एक वेढा घेतला.