तिसरी पुकार

त्या रविवारी सकाळी केशरबाईच्या हातून दूध दोनदा उतू गेलं. तिचा नवरा सिताराम मास्तर अंगणात उभा राहून मिस्सेचे, म्हणजे रविवारच्या उपासनेचे, पाठ घोकत होता. बोरीच्या ख्रिस्ती वस्तीत तो धर्मशिक्षण द्यायचा. फादर परभणीहून मोटारसायकलवर यायचे, एरवी देऊळ त्याच्याच भरवशावर; वस्ती चर्चला देऊळच म्हणायची. आज देवळात काय होणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं; केशरबाईनं त्याला सांगितलं नव्हतं.

प्रश्न तिच्या पुतणीचा, मार्थाचा होता. पोर पंधराची, आठवीत शिकणारी. तिच्या बापानं, म्हणजे सितारामच्या धाकट्या भावानं, भुजंगनं, तिचं लग्न सोनपेठकडच्या एका बिजवराशी ठरवलं होतं. व्यवहार साट्यालोट्याचा. मार्था त्या घरात द्यायची आणि बिजवराची बहीण भुजंगच्या लेकाला करून घ्यायची. लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं पुकारायची आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं, असा कॅथलिकांचा रिवाज. दोन पुकारा झाल्या होत्या. आज तिसरी.

बहात्तरच्या दुष्काळात मिशनच्या सिस्टरांनी वाटपाची सुकडी शिजवायला अकरा बायका गोळा केल्या होत्या. दुष्काळ सरला, बायका मात्र पांगल्या नाहीत. त्यांचाच महिला संघ झाला. गुरुवारच्या बैठकीत केशरबाईनं मार्थाची गोष्ट काढली. पोरीनं विहिरीवर तिला सांगितलं होतं, की मला कुणीच विचारलं नाही. त्यावर सिस्टर म्हणाल्या, की पोर राजी नसेल तर चर्च ते लग्न मानतच नाही; पण हे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. संघाची अध्यक्ष सरजाबाई भुईवर हात आपटून म्हणाली, "केशर, तू उभी ऱ्हा. आमी समद्या तुझ्यामागं उभ्या ऱ्हातो."

मार्थाची आई दगडाबाईही तिथंच भिंतीला टेकून बसली होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. बैठक संपायच्या आतच उठून गेली. ही आता नवऱ्याला सांगणार, असं केशरबाईनं धरलं. पण तीन दिवस भुजंगच्या घरून कुणी भांडायला आलं नाही, आणि त्या शांततेची तिला जास्तच धास्ती वाटायला लागली.

देवळात गडी उजवीकडं, बाया डावीकडं. गाणं आणि प्रार्थना सोडली तर बाईचा आवाज तिथं कधी निघाला नव्हता. प्रवचन झालं. फादरनी कागद उलगडला, दोन्ही नावं वाचली, कुणाची हरकत आहे का ते विचारलं. फादर कागदाची घडी घालायला लागले, तेव्हा पुढच्या बाईच्या खांद्याचा आधार घेऊन केशरबाई उठली.

"हरकत हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की फादरना पुन्हा विचारावं लागलं.

"पोरीला कुणी विचारलंच न्हाई, फादर. तिला हे लगीन करायचं न्हाई."

भुजंग ताडकन उठला. बायकोला खाली बसव, असं त्यानं थोरल्या भावाला सुनावलं. सितारामनं मान वर केली नाही. केशरबाईनं मागं वळून पाहिलं. सरजाबाई डोळे मिटून जपमाळ ओढत होती. बाकीच्यांच्या माना खाली. आपण एकट्या पडलो, आणि आता पोरीचे हाल दुप्पट होणार, एवढंच तिला कळत होतं.

तेवढ्यात भिंतीकडून दगडाबाई उठली. पदर डोळ्यांवर तसाच ठेवून म्हणाली, "माझीबी हाय."

मग आणखी दोघी उभ्या राहिल्या. सरजाबाई नाही.

फादरनी मार्थाला आणि तिच्या आईला आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. कुणीतरी गाणं धरलं, ते दुसऱ्याच ओळीला विरलं. फादर बाहेर आले आणि पुकार मागं घेतल्याचं त्यांनी सांगितलं. भुजंग लेकाला घेऊन मिस्सेतूनच निघून गेला. दगडाबाई घरी परतलीच नाही. मार्थाला घेऊन ती दुपारच्या गाडीनं पिंगळीला भावाकडं गेली.

घरी आल्यावर सिताराम उंबऱ्यात थांबून म्हणाला, "मला आधी सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर तुमी मला येऊ दिलं असतं का?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि भुजंगच्या घराकडं निघाला. तिला येऊ नको म्हणाला. तो भावाला समजवायला गेला की माफी मागायला, हे तिला उमगेना. ती दारातच बसून राहिली. शेजारीपाजारी कुणी फिरकलं नाही.

उन्हं कलल्यावर तो आला. सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती. काखेत मार्थाचं दप्तर होतं.

"भुजंग ऐकला का?" तिनं विचारलं.

"न्हाई. इतक्यात न्हाई ऐकायचा." त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं. "उद्या पिंगळीला जाऊन देऊन येतो. तू एकटी घरी ऱ्हाऊ नको. सिस्टरकडं जाऊन बस."