आवळलेला नट

"आण इकडं तो पाना," म्हणत पुंजारामनं राधेश्यामच्या हातातून पाना ओढूनच घेतला आणि ट्रॅक्टर अन् मागं जोडलेल्या मोगड्याच्या मधल्या सांदीत अंग चोरून शिरला.

राधेश्याम मिस्त्री रिकामा हात तसाच पुढं धरून उभा राहिला. शहागडला हायवेच्या कडेला त्याचं वर्कशॉप. गिऱ्हाईक कामात नाक खुपसतं, याची त्याला सवय होती. पण गिऱ्हाईकानं हत्यारच हिसकावून घ्यावं म्हणजे जरा अतीच झालं.

"काका, सावलीला बसा ना तुम्ही. दोन मिनिटांचं काम हाये."

"आमचा ट्रॅक्टर हाये. याची नस मला बराबर म्हाईत हाये," पुंजाराम आतूनच म्हणाला आणि त्यानं पाना नटाला लावला.

ट्रॅक्टरच्या पलीकडं त्याची सून वंदना उभी होती. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. हाताची घडी घालून नुसती बघत राहिली.

नट तसा साधाच. मोगड्याला, म्हणजे मशागतीच्या फाळांच्या औताला, वरच्या अंगानं धरून ठेवणारा हातभर लांबीचा पेचाचा दांडा असतो, त्याला टॉप लिंक म्हणतात. तो पिळून आखूड केला की मोगड्याचे फाळ जमिनीत खोल घुसतात. लांब केला की वर येतात. दांडा आपोआप फिरू नये म्हणून हा नट आवळून ठेवायचा. आता गोदाकाठच्या मोसंबीच्या बागा म्हणजे जमिनीचे नखरेच. खाली गाळ, मधे काळी, वर गेलं की मुरमाड बरड. दर थोड्या वेळानं ट्रॅक्टर थांबवा, उतरा, नट ढिला करा, दांडा फिरवा, नट आवळा, परत चढा.

ट्रॅक्टर चालवायची वंदना. पुंजारामचा मुलगा कल्याण वाळूजच्या कंपनीत, आणि पुंजारामच्या डोळ्यांवर पडदा आलेला. मग दारात उभा ट्रॅक्टर गंजू द्यायचा का? वंदना शिकली, आणि अशी शिकली की झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर राखून मोगडा काढायची. तीन वर्षांत आसपासच्या बागवाल्यांचं तिच्यावाचून पान हलेना. ती पुढं आणि पाना घेऊन तिच्यामागं पुंजाराम. "मामा, या बरं जरा," अशी हाक आली की म्हातारा लगबगीनं मोगड्याशी हजर.

पहिल्या हंगामात नट खरोखरच ढिला व्हायचा, म्हणून त्यानं तो एकदा जोर लावून आवळला. दुसऱ्या दिवशी वंदनाला तो सुटेना. तिनं हाक मारली, यानं एका झटक्यात सोडवला, आणि बांधावर बसलेल्या बागेच्या मालकीण चांगुणाबाई पुंजारामकडं बघत म्हणाल्या, "बापू हायेत म्हणून चाललंय गं बाई तुझं!" झालं. त्या दिवसापासून पुंजाराम नट गरजेपेक्षा थोडा जास्तच आवळायला लागला. थोडा म्हणजे किती? वंदनाच्या हाताला सुटणार नाही इतका. वाईट हेतू होता का? छे! घरी बसायची भीती, दुसरं काही नाही. दिवसभर पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या मोजणारी आपल्या वयाची माणसं बघितली तरी तो वाट बदलायचा.

आणि आता वंदनानं हे काढलेलं. जुन्या टॉप लिंकच्या जागी तेलाच्या दाबावर लांब-आखूड होणारा दांडा, आणि सीटच्या बाजूला एक लिव्हर. लिव्हर ओढला की फाळ खोल, ढकलला की वर. उतरायचं काम नाही, पान्याचं काम नाही आणि हाक मारायचंही काम नाही.

काल दुपारी ती अंबडला बाजाराला गेली, तेव्हा पुंजारामनं पान्याच्या दांडीवर हातपंपाचा पाईप चढवला आणि नट असा आवळला, असा आवळला की त्याचा खांदा अजून ठणकत होता. मिस्त्री म्हणेल, हे काही निघत न्हाई, घेऊन जा वापस. एवढंच त्याच्या डोक्यात होतं. साठी ओलांडलेल्या माणसानं असला पोरकटपणा करावा! सकाळी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून येताना मात्र त्याला लख्ख उमगलं, की नट निघेल तर निघेलच, पण निघताना आपली सगळी अब्रू घेऊन निघेल. म्हणून तर तो स्वतःच सोडवायला धावला होता.

पण नट त्याला दाद देईना. त्यानं एक पाय चाकाला लावला, दातओठ खाल्ले. कपाळाची शीर टरारून फुगली. नट जागचा हलला नाही.

"काका, सरका आता. उगंच उसण भरंल," राधेश्याम म्हणाला.

पुंजाराम बाहेर आला. हायवेपलीकडच्या टपरीवर गेला, चहा सांगितला आणि चहा यायच्या आत परत आला. राधेश्याम डिझेल सोडून नट भिजवत होता. पुंजाराम पिंपळाखालच्या बाकड्यावर बसला, लगेच उठला. जाणाऱ्या एका ट्रकच्या नंबरकडं उगाच डोळे बारीक करून बघत राहिला. पुन्हा ट्रॅक्टरशी आला.

"न्हाई निघत का? न्हाई निघत तर राहू दे. जुनंच बरं हाये आमचं."

"निघंल ना, कसा न्हाई निघत," राधेश्यामला आता ईर्ष्या चढली होती. त्यानं गॅसची ज्योत आणली, नट तापवून लाल केला, पान्यावर भला मोठा पाईप चढवला आणि सगळं अंग टाकलं. कडाड् असा आवाज झाला.

राधेश्यामनं घाम पुसला.

"आरं देवा! हा कोणी आवळला? माणूस होता का जेसीबी?"

पुंजारामनं खांदा चोळणारा हात पटकन खाली घेतला.

"मी," वंदना म्हणाली.

"तुम्ही?" राधेश्यामनं तिच्या मनगटाकडं पाहिलं.

"हां. मोगडा लई हलत होता. काल आवळला दुपारी."

काल दुपारी ती अंबडला होती. हे तिलाही ठाऊक होतं आणि पुंजारामलाही. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. कान मात्र गरम झाले.

राधेश्यामनं नट पाण्यात बुडवून गार केला आणि हसत पुंजारामच्या हातावर ठेवला.

"घ्या काका, ठेवा घरी. पण एक सांगतो, त्या दातेरी पाईपपान्यानं नट खोलत जाऊ नका हो. समदे कोपरे खाल्ले त्यानं. दात उमटलेत बघा."

"पाईपपाना?" पुंजाराम म्हणाला. "आमच्याकडं कुठला पाईपपाना?"

"मंग हे काय? अन् आजकालच्या खुणा न्हाईत या, गंज चढलाय त्यांच्यावर. चार-सहा येळा तरी लागला आसंल."

पुंजारामला बारीक दिसत नव्हतं. त्यानं नटावरून अंगठा फिरवला. आणि लागले की हाताला! एकाशेजारी एक, बारीक दातांचे ओरखडे. त्याचा पाना गुळगुळीत तोंडाचा. पाईपपाना होता तो शेजारच्या गोजरबाईच्या विहिरीवर, मोटारीचे पाईप खोलायला. आणि ट्रॅक्टरला त्याच्याशिवाय हात लावणारं माणूस घरात एकच होतं.

हिवाळ्यात तो एका डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस जालन्याला होता. परत आल्यावर आधी त्यानं विचारलं होतं, "किती रान झालं?" वंदना म्हणाली होती, "कुठलं काय मामा, नटच सुटला न्हाई. ट्रॅक्टर हुबाच होता." तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! डोळ्याला पट्टी असतानाच त्यानं बायकोला, पुष्पाबाईला, दोनदा ऐकवलं होतं, की बघ, माझ्यावाचून अडतं.

म्हणजे ती नट सोडवत होती. काम करत होती. आणि तो यायच्या आत परत तितकाच घट्ट आवळून ठेवत होती.

त्याला आधी संताप आला. पोरीनं आपल्याला खेळवलं! तीन वर्षं हाका मारून मारून म्हाताऱ्याला पळवलं, लहान लेकराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं! तो तरातरा हायवेपर्यंत गेला. तिथं उभ्या उभ्या त्याला आठवलं, की आवळत तर आपणच होतो. मग संताप कुणावर काढायचा तेच कळेना आणि तो तसाच उन्हात येरझाऱ्या घालत राहिला.

दुपार कलली तेव्हा काम झालं. जुन्या दांड्याच्या जागी चकचकीत नवा दांडा, त्याला दोन काळे रबरी पाईप, सीटजवळ लाल मुठीचा लिव्हर. वर्कशॉपच्या मागं पडीक रान होतं, तिथं वंदनानं मोगडा टाकून बघितला. पुंजाराम सवयीनं मागं चालू लागला. मुरमाड लागलं तसा तो पुढं झाला, पण ट्रॅक्टर थांबलाच नाही. वंदनानं एका बोटानं लिव्हर ढकलला, मोगड्यानं मान उचलली आणि फाळ मुरमावरून हलके निघून गेले. पुढं मऊ लागलं, मोगडा परत खाली वाकला. पुंजाराम थांबला. काम झकास झालं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि याचंच त्याला वाईट वाटलं.

परतीच्या वाटेला तो मडगार्डवर बसला. हायवे सुटला, गावाकडचा कच्चा रस्ता लागला. गाव कोसभर राहिलं तसं त्यानं वंदनाच्या खांद्याजवळ वाकून ओरडून सांगितलं, "बंद कर जरा!"

तिनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. शेजारच्या रानात कुणीतरी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतं.

"काल नट मी आवळल्ता," पुंजाराम म्हणाला.

"हां."

"तुला म्हाईत होतं."

"पाईप तिथंच पडलेला होता मामा. चाकापाशी."

"अन् आधीचं?"

वंदनानं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"आधीचं बी."

"मंग बोलली का न्हाईस? तीन वर्षं!"

"तुम्ही येवढा जीव काढून आवळत होता," ती म्हणाली. "मी म्हणलं, लईच यायचं आसंल यांना."

ठिबक गुंडाळणाऱ्या माणसानं हात वर केला, पुंजारामनंही केला.

"अन् आता?" त्यानं विचारलं. "आता नको का मी?"

"आठ दिवसांमागं तुम्ही मोगड्यात वाकले होते अन् माझा ब्रेकवरचा पाय निसटला. ट्रॅक्टर हातभर मागं आल्ता. तुम्हाला कळलं बी न्हाई. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई मला. मला मागं डोळे न्हाईत मामा, अन् तुम्हाला म्होरले बी धड न्हाईत."

मग स्टिअरिंगकडं बघतच म्हणाली, "अन् खोटं कशाला बोलू, मला एकटीला बी जायचंय."

"लई दिसांपासून?"

"लई दिसांपासून."

पुंजाराम मडगार्डवर बसून राहिला. दिवसभर जे ऐकू नये म्हणून तो पळत होता, तेच ऐकून झालं होतं. आणि ऐकल्यावर वाटलं होतं तसं आभाळ काही कोसळलं नव्हतं. दुखलं मात्र चांगलंच.

"उद्या कुठं हाये?"

"जांब समर्थच्या शिवारात. दोन एकराची बाग हाये."

"जा मंग एकटी."

आता ती म्हणेल, असं कसं मामा, चला तुम्ही बी. कोणतीही सून म्हणाली असती. त्यानं क्षणभर वाट पाहिली.

"जाते," वंदना म्हणाली.

पुंजाराम टायरवर पाय देऊन खाली उतरला. धोतर झटकलं.

"अन् आत्ताबी हो म्होरं. मी येतो पायी."

"येवढं कोसभर?"

"दिवसभर तेच करतो ना मी? जा म्हणलं ना. जल्दी जा, म्हशींचं बघायचं आसंल."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग ट्रॅक्टर चालू केला. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वळणापर्यंत ट्रॅक्टर हळू, अगदी हळू गेला. वळणाआड झाल्यावर तिनं वरचा गिअर टाकून वेग घेतला; पुंजारामला आवाज स्पष्ट ऐकू आला.