गोपिकेचं लॅटिन

माझी बायको गोपिका पोस्टात काउंटरवर बसते आणि फावल्या वेळात लॅटिन शिकते. ही भाषा आता जगात कुणी घरी बोलत नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र भाजी फोडणीला पडेपर्यंत 'गुलाब' हा शब्द पाचही विभक्त्यांत दोनदा चालवून झालेला असतो. रोझा, रोझे, रोझे, रोझाम, रोझा.

कारण विचारलं तर ती सांगते. आठवीत तिला संस्कृत घ्यायचं होतं. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "तुले कायले पायजे वं संस्कृत? लोकायची लग्नं लावतं का?" तिनं मराठी घेतलं. एक्कावन्नाव्या वर्षी तिनं अशी भाषा शोधून काढली, की जिच्यात तिला नाही म्हणणारं नागपुरात कुणीच नव्हतं.

शिकवणारे फादर गोव्याचे, वय ऐंशी, मोबाइलवर भेटतात. त्यांचा नियम असा, की पाठ मोठ्यानं म्हणायचा आणि वाक्यात कोणती विभक्ती का आली ते सांगायचं. एकाच पाठाला तीनदा नापास झालात की नाव कटलं. गोपिका दोनदा झाली होती. पहिल्यांदा कुकरच्या शिट्ट्यांमुळे. दुसऱ्यांदा शेजारच्या पार्वतीबाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन थेट आत आल्या, कारण डॉक्टर लॅटिनमध्ये लिहितात असं त्यांच्या कानावर आलं होतं. गोपिकेनं परीक्षा सोडून चिठ्ठी वाचली. 'दिवसातून दोनदा' एवढं लॅटिन निघालं. बाकी सगळं डॉक्टरचं अक्षर होतं.

तिसरी आणि शेवटची परीक्षा रविवारी चार वाजता. त्याच दिवशी पाच वाजता माझा धाकटा भाऊ चंपतराव याच्या पिंकीला पाहायला काटोलकडचे पाहुणे येणार होते. तेही आमच्याकडे, कारण शहराच्या टोकाला, वाडीत, चंपतरावच्या दारात ट्रक उभे असतात आणि त्यांच्यामागे घर आहे हे सांगावं लागतं.

लॅटिनबद्दल चंपतरावचं मत जाहीर होतं. "वयनी, या वयात इटलीले पळून जाता का?"

पाहुणे चारला पाच कमी असताना आले. सहा जण.

गोपिका आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती कधी कुणाकडे काही मागत नाही. "वीस मिनटं," ती म्हणाली, "फक्त वीस मिनटं द्या मले," आणि दार लावून घेतलं.

चंपतरावच्या नुसत्या आवाजावर वाडीत ट्रक मागे सरकतात. त्यानं खडखडणारा कूलर बंद केला. गॅसवरचा कुकर उतरवला. दाराच्या घंटीची वायर उपसली. मग पाहुण्यांपुढे वाकून कुजबुजला, "बसा जी. वयनी आत बसल्या हायेत. बोलू नोका." वहिनी लॅटिनची परीक्षा देताहेत, हे सोयरिकीच्या पाहुण्यांना सांगायची त्याला लाज वाटली असावी. तेवढंच चुकलं.

आतून गोपिकेचा आवाज सुरू झाला. रोझे, रोझारुम, रोझिस.

मुलाचे आजोबा देवराव मिनिटभर कान देऊन ऐकत राहिले. मग सोफ्यावरून उतरले, खाली मांडी घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांच्यामागोमाग सगळं काटोल खाली बसलं. पिंकी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तिनं हे पाहिलं आणि तीही ट्रेसकट बसली. मुलानं एक डोळा उघडून तिला पाहून घेतलं. चंपतराव थोडा वेळ उभा राहिला. मग बसला.

मध्येच फादरांनी काही विचारलं आणि गोपिका थांबली. खूप वेळ थांबली. मीही खाली बसलोय आणि माझेही हात जोडलेले आहेत हे मला तेव्हा कळलं. मग ती सावकाश बोलू लागली आणि शेवटपर्यंत थांबली नाही.

दार उघडलं. समोर जमिनीवर नऊ माणसं हात जोडून बसलेली.

"पास झाली," ती म्हणाली.

देवरावांनी डोळे उघडले. "कोणती पोथी होती बाई?"

चंपतराव पंख्याकडे पाहू लागला.

"पोथी नाही जी. लॅटिन होतं. माझी परीक्षा होती."

"मग आखरीले जे म्हटलं, त्याचा अर्थ काय?"

"शेतकऱ्याची पोरगी राणीले गुलाब देते."

देवरावांनी साठ वर्षं शेती केलेली. त्यांनी बराच विचार केला.

"काहून देते?"

गोपिका दोन वर्षं लॅटिन शिकते आहे. या काळात घरातल्या कुणीही, माझ्यासकट, तिला त्यातल्या एकाही वाक्याबद्दल काही विचारलं नव्हतं. ती देवरावांसमोर खालीच बसली.

"ते लिवलं नाही त्याच्यात. पण कोणी कोणाले काय देल्लं, ते शब्दाच्या शेवटावरून समजते. शब्द कितीही मागंपुढं करा."

"करून दाखवा."

तिनं केलं. देवरावांनी तिला वाक्य उलटं म्हणायला लावलं, मग मधून सुरू करायला लावलं, आणि दर वेळी गुलाब राणीलाच पोचले का याची खात्री करून घेतली.

पोहे गार झाले. शेवटी चंपतराव आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अन् पोरगी कधी पायता जी?"

"तुमची पोरगी पसंत हाये," देवराव त्याच्याकडे न बघताच म्हणाले. "या गुलाबवाल्या पोरीचं समजून घेऊन राहिलो ना."

गोपिका वही आणायला उठली.