चंपतचा दम

चिंचेच्या मैदानावर भूत आहे असं अख्खं नागपूर म्हणायचं, आणि बिचाऱ्या चिंचांना उगाच बोल लागायचा. चिंचांचा काही एक संबंध नव्हता, बरं का. त्या होत्या पश्चिमेला, सावलीपुरत्या. आवाज यायचा पूर्वेच्या कोपऱ्यातून, तोही भर दुपारी चार-साडेचारला, हजार माणसं टक लावून बसलेली असताना. कुठल्याही संघाचा गडी चेंडू काखेत घेऊन त्या कोपऱ्याकडे धावत सुटला की त्याच्या पाठीमागून दुसऱ्याच कुणाचा आवाज सुरू व्हायचा. हुतुतूतूतू, हुतुतूतूतू. एका श्वासात. शेवटच्या रेषेच्या दोन हात अलीकडे तो आवाज थांबल्यासारखा व्हायचा, पण थांबायचा नाही. तिथंच हवेत घुटमळत राहायचा.

धावणारे पोट्टे घाबरून चेंडू टाकून द्यायचे. लोक मात्र खूश! कोपऱ्यात जागा मिळावी म्हणून दोन वाजल्यापासून टॉवेल टाकून ठेवायचे. शेंगदाणेवाले, बर्फगोळेवाले, सगळे तिथंच. जरीपटक्याहून, कामठीहून, बुटीबोरीकडच्या खेड्यांतून सायकलींवर डबलसीट माणसं यायची. त्यांना रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लांबुळक्या चेंडूला ते पपई म्हणायचे. ते यायचे चंपतचा दम ऐकायला.

आणि ज्या माणसाने ही रग्बीची स्पर्धा उभी केली, ते रुपराव काळमेघ मास्तर, ते अकरा वर्षं पश्चिमेच्या कोपऱ्यात चिंचेखाली उभे राहत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मले ऊन सोसत नाही गा." ड्रिल मास्तर माणूस, शाळेत दिवसभर उन्हात शिट्टी वाजवणारा, आणि म्हणे ऊन सोसत नाही!

स्पर्धा सुरू झाली पासष्ट साली. संघ मोजून तीन. एक कामठीच्या छावणीतल्या जवानांचा, एक रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन पोरांचा, आणि तिसरा मास्तरांचा. मास्तरांना हा खेळ कामठीत बघायला मिळाला होता आणि त्यांच्या डोक्यातच बसला होता. पण खेळणार कोण? धरमपेठेतल्या आया पोरांना चिखलात लोळू देईनात. मग मास्तर गेले महाल भागातल्या आखाड्यात आणि हुतुतू खेळणारे पंधरा गडी उचलून घेऊन आले. धरायचं कसं, पाडायचं कसं, हे त्यांना शिकवावं लागलंच नाही. एकच गोष्ट शिकवायची राहिली.

हुतुतूत गडी समोरच्याच्या अंगणात शिरला की तोंडाने हुतुतू म्हणत राहतो आणि परत आपल्या रेषेला येईपर्यंत श्वास घेत नाही. त्याला दम म्हणतात. दम तुटला की गडी बाद. ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे चेंडू हातात आला की मास्तरांचे गडी रग्बीच्या मैदानावरही दम घालत धावायचे. रेल्वेवाले पोट धरून हसले. पहिल्या दोन-चार सामन्यांत बाकीच्यांची सवय सुटली. सुटली नाही ती चंपतरावची. जिनात कापसाच्या गठाणी उचलणारा हा गडी, पाठ दाराएवढी रुंद. तो हुतुतूतू करत छाती काढून यायचा तेव्हा समोरचे जवानसुद्धा बाजूला व्हायचे. लोक टाळ्या पिटायचे. पहिल्या वर्षी चाळीस माणसं होती, तिसऱ्या वर्षी पाचशे झाली.

मास्तरांनी त्याला सांगायला हवं होतं की बाबा, या खेळात श्वास घेता येतो. सांगितलं नाही. गर्दी जमत होती ना! उलट शिट्टी वाजवायच्या आधी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चंपत, दम सोडू नको गा."

अडुसष्ट सालची फायनल हनुमान जयंतीला ठेवली, आखाड्याचा दिवस म्हणून. एप्रिलचं नागपूरचं ऊन. चंपतला उपास. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या रेषेजवळ त्याच्या हातात चेंडू आला आणि तो अख्खं मैदान कापत सुटला. शंभर पावलं. एका दमात. पूर्वेच्या रेषेच्या दोन हात अलीकडे तोंडावर पडला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मास्तर म्हणाले, हो, हृदय. त्याच्या बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं.

पुढच्या हंगामात पहिल्यांदा तो आवाज आला आणि मास्तर चिंचेखाली गेले.

एकोणऐंशी साली स्पर्धेत नऊ संघ झाले होते. नऊ! बुटीबोरीकडचे शेतकरी पोट्टे, जरीपटक्याचे सिंधी दुकानदारांचे पोट्टे, दोन कॉलेजं. मार्चमध्ये अध्यक्ष वामनराव वकील मास्तरांच्या शाळेत नाचतच आले.

"मास्तर, कलकत्त्याचा पाहुणा येऊन राहिला फायनलले! मोठ्या संघटनेचा माणूस. गर्दी दिसली तर आपली स्पर्धा अखिल भारतीय होते. बाहेरचे संघ इथं खेळायला येतील, आपले पोट्टे तिकडं जातील. कुठं तीन संघ अन् कुठं हे!"

"गर्दी येईल," मास्तर म्हणाले.

"येईल म्हणजे? मी पाहुण्याची खुर्ची पूर्वेच्या कोपऱ्यातच ठेवतो. असा कोपरा हिंदुस्थानात कोणाजवळ आहे सांगा! अन् एक दिवस तरी त्या चिंचेखालून बाहेर या बापा, सेक्रेटरी आहात तुम्ही."

मास्तर हसल्यासारखं करून वर्गावर गेले. दुसरीची पोरं पाढे घोकत होती, सगळी मिळून, श्वास न घेता. मास्तर दारातच थांबले. "थांबा रे," ते ओरडले, "श्वास घेत जा मधात!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

फायनलला चार दिवस होते तेव्हा मधल्या सुट्टीत भागीरथाबाई आली. चंपतची बायको. जिनातच कापूस निवडायला जायची, केसांत सरकी अडकलेली. अकरा वर्षांत ती मास्तरांकडे कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला रस्त्यात बघून दोनदा मास्तरांनीच गल्ली बदलली होती.

"मास्तर, लोकं म्हणतात ते खरं हाय का? ते अजून तिथं पयून राहिले म्हणे?"

"लोकांचं काय बाई, फालतू..."

"फालतू नाही. मी जाऊन आली. दोनदा मॅचच्या दिवशी लोकांच्या मागं उभी राहिली. त्याईचाच आवाज हाय. मी नाही ओळखणार तं कोण ओळखन?" ती ओट्यावर बसली. "मी म्हणलं, आवो, श्वास घ्या. लय झालं. मोठ्यानं म्हणलं. बाया हसल्या मले. पण त्याईनं काही ऐकलं नाही."

अकरा वर्षं दाबून ठेवलेलं मास्तरांच्या तोंडातून बाहेर पडलं. "भागीरथाबाई, माझी चूक आहे वं. या खेळात श्वास घेता येते हे मी त्याले सांगतलंच नाही. माझ्यापायी गेला तो."

रडेल, शिव्या देईल, चप्पल काढेल, असं त्यांना वाटलं होतं.

"ते तं त्याईले ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्याच वर्षी रेल्वेच्या एका पोट्ट्यानं सांगतलं होतं. घरी येऊन मलेबी सांगतलं. मी म्हणलं, मंग घ्या ना श्वास, जीव कायले काढता? तं म्हणे, मास्तर खूश होते वं. लोकं त्याच्यासाठी येऊन राहिले. मास्तरची स्पर्धा मोठी होऊन राहिली." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "जन्मात त्याईनं माझं ऐकलं नाही. तुमचंच ऐकत होते. तुमीच सांगा आता त्याईले."

मास्तर भिंतीला टेकले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की एका अडाणी गड्याची आपण फसवणूक केली. ते परवडलं असतं. पण तो सगळं जाणून, आपल्यासाठी छाती फोडत होता, हे कसं सोसायचं?

"सांगतो," ते म्हणाले. "पण एवढी फायनल होऊन जाऊ द्या. कलकत्त्याहून माणूस येऊन राहिला..."

आणि बोलता बोलता त्यांनाच आपली शरम वाटली, पण शब्द निघून गेले होते. फायनलनंतर मैदान थेट नोव्हेंबरपर्यंत बंद. खेळ नाही तर आवाज नाही. आणि नोव्हेंबरमध्ये तो आवाज अखिल भारतीय झालेला असणार, मग कोण बंद करू देईल?

भागीरथाबाई उठली. "अकरा वर्षं झाली, मास्तर. एक दम माणसानं किती येळ घालायचा?" एवढंच म्हणाली आणि फाटकातून निघून गेली.

हनुमान जयंतीला मैदान फुलून गेलं. वामनरावांनी मांडव घातला होता, कोपऱ्यात पाहुण्यांची खुर्ची, खुर्चीवर गादी. पाहुणे गोरेपान, चष्मेवाले, बर्फ घातलेलं सरबत पीत होते. कामठी विरुद्ध बुटीबोरी. मास्तर नेहमीप्रमाणे चिंचेखाली. पहिला अर्धा खेळ झाला, पूर्वेकडे कुणी फिरकलंच नाही. लोक चुळबुळ करायला लागले. "अबे, इकडं या ना बे!" म्हणून ओरडायला लागले. माणसं मेलेल्याची वाट बघत होती आणि मधेच शेंगदाणे खात होती. मास्तरांना एकदम किळस आली, लोकांची नाही, स्वतःची. ही गर्दी त्यांनीच जमवली होती. गडी जिवंत असताना त्याच्या दमावर, आणि गडी मेल्यावरही त्याच्याच दमावर.

ते चिंचेखालून निघाले. रेषेच्या कडेकडेने अख्खं मैदान चालत पूर्वेला आले. टोपी तिकडेच राहिली. "या, या मास्तर!" वामनराव उठून उभे राहिले. मास्तर थांबले नाहीत. गर्दीच्या मागे भागीरथाबाई उभी होती, तिच्याकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

आणि तेवढ्यात बुटीबोरीच्या एका पोट्ट्याने चेंडू काखेत मारला आणि कोपऱ्याकडे सुटला.

हजार माणसं गप्प झाली. आवाज आला. मास्तरांनी तो अकरा वर्षांत पहिल्यांदा जवळून ऐकला. लांबून तो दणदणीत वाटायचा. जवळून तो फाटलेला होता. घशाला कोरड पडलेल्या, पार संपलेल्या माणसाचा आवाज, तरीही चाललेला. हुतुतूतू... हुतु... तूतू... पोट्टा घाबरून बाजूला पडला, चेंडू घरंगळत गेला, आणि आवाज रेषेच्या दोन हात अलीकडे येऊन घुटमळायला लागला. तिथं काही दिसत नव्हतं. ऊन आणि धूळ.

मास्तर रेषा ओलांडून आत गेले. पंचाने शिट्टी मारली, त्यांनी ऐकली नाही. त्या जागेसमोर उभे राहून त्यांनी हात वर केला. पूर्वी त्याच्या पाठीवर थाप मारायचे, तेवढ्याच उंचीवर.

"चंपत," ते म्हणाले. परत म्हणाले, "चंपत, बस झालं गा. सोड दम. श्वास घे."

हुतुतू थांबलं.

मग श्वास आला. एवढा मोठा, एवढा लांब, की मांडवाचं कापड आत ओढलं गेलं असं पुढे लोक सांगायचे. ते मला माहीत नाही. पण ऐकला सगळ्यांनी. आत गेला, जरा थांबला आणि हळूहळू बाहेर पडला. त्यानंतर काही नाही.

बुटीबोरीच्या पोट्ट्यांनी त्याच कोपऱ्यात पुढे दोनदा रेषेपार चेंडू टेकवून ट्राय केला. दोन्ही वेळा नुसते बुटांचे आवाज. लोक पाचच मिनिटं थांबले, मग टॉवेल झटकून उठायला लागले. खेळ संपायच्या आत अर्धं मैदान रिकामं झालं. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, वामनरावांशी काहीतरी गोड बोलले आणि मोटारीत बसले. वामनराव मास्तरांसमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, चौदा वर्षं खपून स्पर्धा तुम्हीच उभी केली, अन् आज तुम्हीच मारली."

त्यांचं खरं होतं. कलकत्त्याहून पत्र आलं नाही. नोव्हेंबरला संघ आले तीन, आणि बघायला चाळीस माणसं. पण ते पुढचं.

त्या दिवशी मांडव सोडणारे गडी दोऱ्या गुंडाळत होते, आणि मास्तर अजून त्याच जागी, रेषेच्या दोन हात अलीकडे, मातीत बसले होते. भागीरथाबाई जवळ आली. वाकून तिने तिथल्या मातीवर हात फिरवला. मग मास्तरांकडे बघून विचारलं. रागाने नाही. खरोखरच तिला कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"एवढंच बोलाचं होतं, मास्तर?"