तांदळाच्या कोठीतली तोफ

मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. मित्रांनो, मला लांबचं छान दिसतं, पण जवळचं अजिबात दिसत नाही. पाच-सहा हातांच्या आत आलेली कोणतीही वस्तू माझ्यासाठी नुसता रंगाचा डाग होते. आणि सध्या मी किन्हवलीतल्या एका घरी, तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत आहे. इथे सगळंच जवळ आहे.

माझा जन्म...
नाही. धूसर झालं.
माझी भिंगं एका कारखान्यात...
अजून धूसर. माझी मोटर जुनी आहे, नेम धरायला वेळ लागतो. सांभाळून घ्या.
हरेश.
हां. इथून स्पष्ट दिसतं.

हरेश लग्नांचे फोटो काढतो. मांडवाच्या एका टोकाला आम्ही दोघं, दुसऱ्या टोकाला पाठवणी. नवरीची आई पदराआड रडायची आणि मी ते टिपायचे. तिला कळायचंही नाही. अख्ख्या शहापूर तालुक्यात मला ‘हरेशची तोफ’ म्हणत. पोरं माझ्यापुढे हात वर करून उभी राहायची. मग ड्रोन आला. तो वरून घोंगावत सगळा मांडव एकदम टिपू लागला, आणि मला

झाकण.

असंच होतं. झाकण पडलं की वाक्य तिथेच राहतं.

हरेश वाईट नाही. भिजलेला फोन तांदळात सुकतो, मग लेन्सही सुकी राहील, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि तांदळात खोल खुपसलं. पावसाळ्यात तांदूळच दमट होतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या ओलीत माझ्या भिंगांमध्ये एक बारीक धागा उगवला. मग त्याला फांद्या फुटल्या.

एके सकाळी हरेशच्या बहिणीने, नम्रताने, मला बाहेर काढलं. अलिबागकडच्या समुद्रात शिडाच्या होड्यांची शर्यत होती आणि फोटोंचं काम तिला मिळालं होतं. अट एकच: प्रत्येक शिडावरचा नंबर वाचता आला पाहिजे. तसं झालं नाही, तर तिला पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं. मला घ्यावं की मुरबाडच्या मैत्रिणीची छोटी झूम लेन्स, हे तिला ठरवायचं होतं.

समुद्र! मित्रांनो, जिथे जवळचं काहीच नसतं, अशी जागा.

आम्हा दोघींची परीक्षा भातसा धरणाच्या जलाशयावर झाली. आमची होडी तिथले नावाडी रंगूकाका वल्हवत होते. दूर दुसऱ्या होडीत हरेश पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून उभा होता. चादरीवर कोळशाने २७ लिहिलं होतं.

“तुजा भाऊस शीड हाय का वाळत घातलेलं धोतर?” रंगूकाकांनी विचारलं. “वारा नाय तरी हलतो गो!”

“काका, हसवू नका. ही आधीच जड आहे.”

मी हरेशवर नेम धरला. चादर. पाणी. चादर. होडी डुलली की तो माझ्या चौकटीतून पार निसटायचा. मला मागेपुढे सरता येत नाही. मी एकाच पल्ल्याची. सापडला तेव्हाही पाण्यावरची चकाकी माझ्या आतल्या धाग्यांवर पसरली. फोटोत पांढरं धुकं आलं. झूम लेन्सने मात्र हाताचा हलका कंप सावरला आणि २७ स्वच्छ दाखवला.

काठावर आल्यावर नम्रताने मला उजेडाकडे धरून आत पाहिलं.

“दादा, बुरशी आलीय हिच्यात.”

“तांदळातल्या वस्तूला बुरशी? कायपण!”

“तांदळानेच आली. आता हिला हवा लागू दे, सकाळचं ऊन दाखव.”

“उनात? तापून फुटंल ना ती! मी काय येडा हाय?”

दुसऱ्या दिवशी ती झूम घेऊन एसटीत बसली, आणि हरेशने मला पुन्हा तांदळात खुपसलं.

शर्यतीनंतर तिचा फोन आला तेव्हा हरेश कोठीपाशीच होता. तिचा आवाज मला तांदळातून ऐकू आला. “दादा, एकूण एक नंबर वाचता येतोय. पुढच्या वर्षीपण बोलावलंय!” हरेश आनंदाने ओरडला. मलाही आनंद झाला, खरंच. तिने बरोबर निवडलं.

मग त्याने झाकण उघडून मला थोपटलं. “तुजी पन पाळी येल. तवर बस आरामात.” आणि माझ्यावर नव्या तांदळाचं पोतं ओतलं.

मित्रांनो, तो मला जपतोच आहे. म्हणून तुम्हाला विनवते, तुमच्या आवडीची वस्तू कोंडून ठेवू नका. आणि किन्हवलीला कधी आलात, तर हरेशला भेटा. त्याला हसू नका. एवढंच सांगा, की तिला ओटीवर आणून ठेव. समुद्र नको म्हणते ती. समोर माहुली गडाचे सुळके दिसले तरी पुरे.