ओळखीच्या रकान्यातली खूण

बँकेतल्या टॅकेटबाईंचा फोन आला तेव्हा मी मक्याच्या पावाचं पीठ कालवत होते.

"रेथा, तुझ्या क्रेडिट रिपोर्टवर वसुलीची नोंद निघालीय. इस्पितळाचं बिल, अठराशे चाळीस डॉलर. तू तर म्हणालीस, कुणाचं काही बाकी नाही!"

"नाहीच आहे."

"मग शोध काय ते. शुक्रवारी नव्या घराच्या खरेदीचे कागद व्हायचेत. ही नोंद असताना वरचे लोक कर्ज सोडणार नाहीत."

वसुलीवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस थंडपणे वाचत गेला. "रुग्ण, बेबी गर्ल कोम्ब्स. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. बाळाचं नाव तुमच्या विम्यात तीस दिवसांत घातलं नाहीत, म्हणून बिल तुमच्यावर."

"ती दोनच तास होती."

"तरी घालावं लागतं, मॅडम."

खिडकीशी गेले, दाराशी आले. पीठ ओट्यावर आंबत राहिलं. नऊ वर्षं या चाकांवरच्या घरात काढली; वारा सुटला की कपाटातल्या बश्या बोलतात. डाऊन पेमेंटचे पैसे जेमतेम जमलेत, त्यातून अठराशे काढले तर घर गेलंच.

वसुलीवाल्यांकडून तक्रारीचा अर्ज आला. त्यात दोन रकाने होते. 'या रुग्णाला मी ओळखत नाही' आणि 'ओळखते. खुलासा जोडला आहे.'

माझा नवरा कॉय लाकूड कापायच्या गिरणीतून आला. मिशीत लाकडाचा भुसा. माझ्या खांद्यावरून अर्ज वाचला.

"पहिल्यावर खूण कर. टॅकेटबाई काय म्हणतात?"

"म्हणतात, पहिल्याने नोंद दोन दिवसांत उतरते. खुलाशाला दहा दिवस. आणि घर विकणारा थांबेल याची खात्री नाही."

"मग बसलीस काय अशी? कर खूण!"

"कॉय, मी तिला ओळखते."

"अगं कागद आहे तो! कागदाला काय कळतंय?"

"तूच कर मग. घे पेन."

त्याने पेन घेतलं. टेबलावर आपटलं. दार लोटून बाहेर गेला. मागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले, एकामागून एक, श्वास न घेता.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. मग दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि खुलासा लिहायला घेतला. रुग्णाचं नाव बेबी गर्ल नाही. तिचं नाव ओना. तिचे डोळे मिटलेले होते, पण मूठ उघडून माझं बोट तिने धरलं होतं. तिचं नाव विम्यात घालायचं असतं हे आम्हांला कुणी सांगितलं नाही, आणि त्या महिन्यात आम्हांला कागद सुचतही नव्हते. मी या रुग्णाला ओळखते.

घाव थांबले. कॉय आत आला, हात न धुताच कागद उचलला. दोनदा वाचला. या दोन वर्षांत त्याने ते नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"वजन लिहिलं नाहीस," तो म्हणाला.

"आठवेना मला."

"तीन पौंड दोन औंस. ओनाचं." खाली वाकून त्याने ते लिहिलं, आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. कागदावर भुशाचा अंगठा उमटला.

मग त्यानेच टॅकेटबाईंना फोन लावला. "बाई, शुक्रवारचं काही खरं नाही," तो म्हणाला. "विकणाऱ्याला विचारून बघा, थांबतोय का."

मी ओव्हन पेटवला. पलीकडून उत्तर येईपर्यंत तो दाराशी गेला, खिडकीशी आला.