कोयतेवाल्याची सावड

शस्त्र मोठं की मंत्र, हा प्रश्न युगानुयुगं कुणाला सुटला नाही. कडाव गावात तो आमच्या ओटीवर, रविवारी, चिवडा संपायच्या आत सुटला.

फासे टाकून गोष्ट पुढे न्यायच्या खेळात राक्षस मी चालवतो. नात नम्रता जादूगारीण आणि शेजारचा वाल्मिक कोयतेवाला. दोघांच्याही सोंगट्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या. गुडघ्यांपायी वाल्मिकची शेती सुटली, तेव्हापासून हा कोयताच काय तो त्याच्या हातात होता. पण तो उगारायच्या आत नम्रता एका मंत्रात राक्षस जाळून मोकळी व्हायची.

तिसऱ्या रविवारी वाल्मिक म्हणाला, "पुढच्या टायमाला मी नाय येत. हितं बी माझं काय काम नाय."

नम्रताने खेळाच्या वहीतला मंत्राचा नियम खोडला. "वाल्मिकआजोबा, आता सावड करू. मंत्राला मला तीन पाळ्या लागणार. तोवर तुम्ही माझ्यापुढे उभं राहायचं. मग तुमच्या तीन पाळ्या मी मशाल धरणार."

भातलावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, ही सावड वाल्मिकने जन्मभर पाळलेली. तो सरसावून बसला. मी त्याला दोनदा तुडवला, तरी जागचा हलला नाही.

"तू म्हण गं सावकाश," तो नम्रताला म्हणाला. "मी हाय ना."

तिसऱ्या पाळीला मी जळालो. वाल्मिकने आडवा पडलेला कोयतेवाला पुन्हा उभा केला. मग माझ्याकडे वळला.

"राक्षसा, तो पंखा जरा कमी कर रं. कोयतेवाला सारखा उडतोय."